सिव्हिलायझेशन ४, ५, ६, ७ : एका नियमापायी मालिका कुठे वळली आणि चाहते कुठे फुटले

षट्कोनी (धागाकर्ता)

सिव्हिलायझेशन, थोडक्यात सिव्ह, ही पाळीपाळीने खेळायची साम्राज्य उभारणीची संगणक गेममालिका. फेब्रुवारी २०२५मध्ये तिचा सातवा भाग, सिव्हिलायझेशन ७, आला आणि तेव्हापासून "हा सिव्ह राहिलाच नाही" हे वाक्य जिथे तिथे दिसतं. सप्टेंबर २०१०मध्ये सिव्ह ५ आला तेव्हाही हेच ऐकू येत होतं. ऑक्टोबर २०१६च्या सिव्ह ६ला तर बाजारात यायच्या आधीच चित्रशैलीवरून झोडपलं गेलं. भांडण तेच, पण नक्की कोणता नियम बदलला आणि त्याने आणखी काय काय हललं, यावर फार थोडं बोललं जातं. तेवढ्यासाठी हा धागा. निदान दोन भाग कसून खेळलेल्यांनी जरूर लिहा, आणि "आवडला, नाही आवडला" एवढ्यावर न थांबता आकडे द्या.

मालिकेचा जनक सिड मायर याचा दंडक सगळ्यांना माहीत आहे: नव्या भागात एक तृतीयांश जुनं जसंच्या तसं, एक तृतीयांश सुधारून घेतलेलं, एक तृतीयांश कोरं नवं. अडचण अशी की गेमचे नियम सुटे सुटे नसतात. नव्या हिश्श्यातला एखादा नियम पायातला निघाला, तर उरलेले दोन्ही हिस्से त्याच्यामागे फरफटत जातात. सिव्ह ५मधला "एका घरात एकच लष्करी युनिट" हा तसा नियम (घर म्हणजे नकाशावरचा एक चौकोन किंवा षट्कोन, युनिट म्हणजे एक तुकडी). माझ्या मते खरी फूट तिथे पडली, आणि पुढचे दोन्ही भाग ती फूट बुजवायच्या खटपटीतून घडलेत.

सिव्ह ४ (२००५)मध्ये एका घरात हवी तेवढी युनिटं मावायची. वीस-पंचवीस युनिटांचा गठ्ठा, सगळे ज्याला "स्टॅक ऑफ डूम" म्हणतात तो, शत्रूच्या शहराकडे निघायचा. सिव्ह ५चा मुख्य डिझायनर जॉन शेफर याने चौकोनी घरांच्या जागी षट्कोनी घरं आणली आणि गठ्ठा बंद केला. प्रेरणा १९९४च्या पँझर जनरल या युद्धगेमची. त्या गेममध्ये हे नियम शोभतात, कारण तिथला नकाशा एका मोहिमेचा असतो. सिव्हचा नकाशा अख्ख्या पृथ्वीचा. धनुर्धारी दोन घरं पलीकडे बाण मारतो, आणि पृथ्वीच्या नकाशावर दोन घरं म्हणजे एखादी सामुद्रधुनी.

हे नुसतं डोळ्यांना खटकतं. खरा परिणाम झाला उत्पादनावर. दहा युनिटं उभी करायला दहा घरं लागतात. सिव्ह ४च्या वेगाने युनिटं तयार झाली असती तर मध्ययुग येईपर्यंत नकाशावर पाय ठेवायला जागा उरली नसती. म्हणून युनिटं सावकाश तयार होतील असं बघावं लागलं. युनिटं महाग आणि इमारती स्वस्त असं ठेवलं तर शहरं चटकन भरतात आणि मग त्यांना कामच उरत नाही, म्हणून इमारतींनाही वेळ लागू लागला आणि घरांचं उत्पन्नही आखडलं. परिणामी सुरुवातीच्या टप्प्यात बराच वेळ नुसतं "पुढची टर्न" दाबत बसायचं. लढाईचा एक नियम बदलला आणि अर्थव्यवस्थेची चाल मंदावली. "गठ्ठा परत आणा" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. गठ्ठा एकटा परत येणार नाही, त्याच्याबरोबर सगळे भाव पुन्हा लावावे लागतील.

दारूगोळा

मांडणी पटली. फक्त सिव्ह ४च्या गठ्ठ्याबद्दल एक गैरसमज खोडायला हवा: "ज्याचा गठ्ठा मोठा तो जिंकला." असं म्हणणाऱ्यांनी वेढ्याची युनिटं नीट वापरलेलीच नाहीत.

बियॉन्ड द स्वोर्ड या सिव्ह ४च्या एक्सपान्शनमध्ये (नंतर आलेल्या जोडसंचात) मध्ययुगातलं शहर घ्यायची रीत सांगतो. सहा ते आठ कॅटापुल्ट (दगडफेकी यंत्रं), तेवढेच मेसमन (गदाधारी पायदळ), आणि घोडदळापासून गठ्ठा सांभाळायला दोन भालेवाले. शहराला लागून असलेल्या टेकडीवर किंवा जंगलात गठ्ठा थांबवायचा, आणि मध्ये नदी येणार नाही असं घर निवडायचं, कारण नदीपलीकडून हल्ला केला की बचाव करणाऱ्याला फायदा मिळतो. प्रत्येक कॅटापुल्ट दर टर्नला शहराचं संरक्षण ८ टक्क्यांनी उतरवतो. ६० टक्के संरक्षण असेल तर सहा कॅटापुल्ट दोन टर्नमध्ये ते शून्यावर आणतात. भिंती असल्या तर वेळ जास्त लागतो. मग तीन-चार कॅटापुल्ट जाणूनबुजून बळी द्यायचे. ते समोरच्या रक्षकाशी लढतात आणि त्याच वेळी आत बसलेल्या आणखी काही युनिटांना जखमी करतात. सगळे अर्धमेले झाले की मेसमन सोडायचे.

आता हेच उलट बघा. तुमचा गठ्ठा सपाट मैदानात शत्रूच्या शहराशेजारी एक टर्न जरी उघडा राहिला आणि आत चार कॅटापुल्ट असले, तर तुमची बरीचशी युनिटं त्या एकाच टर्नमध्ये जखमी होतात. गठ्ठ्यावरचा उतारा गेममध्येच होता. लढाई ठरायची ती कोण आधी कोणाच्या टप्प्यात येतो यावर, आणि गठ्ठ्यात वेढ्याच्या युनिटांचं प्रमाण किती यावर. सिव्ह ४चा मुख्य डिझायनर सोरेन जॉन्सन याने हे मोजूनमापून बसवलं होतं.

आणखी एक. सिव्ह ४मधली चार मोठी शहरं आणि स्लेव्हरी हे धोरण, एवढ्यावर सैन्य उभं करता यायचं. एक लोकसंख्या खर्ची टाकली की नॉर्मल वेगावर ३० हातोडे (उत्पादनाचं माप). गणित शिकल्यावर एक जंगल तोडलं की आणखी ३०. दर टर्नला काही ना काही ठरवायला असायचं. षट्कोनी ज्या मंदपणाबद्दल बोलतोय तो सिव्ह ४ खेळलेल्यांना म्हणूनच सहन झाला नाही.

नीलपंख

सिव्ह ५ची बाजू मांडणारं कुणीतरी हवं, म्हणून लिहिते.

एका घरात एक युनिट आल्यावर भूगोलाला पहिल्यांदा किंमत आली. दोन डोंगरांमधली एका घराची खिंड घ्या. तिथे किल्ला बांधून एक पाइकमन (लांब भालेवाला) बसवा, मागच्या दोन घरांत दोन क्रॉसबोमन. समोरून दहा युनिटं आली तरी एका वेळी दोनच भिडू शकतात, आणि दर टर्नला तुमचे दोन बाण फुकट. सिव्ह ४मध्ये डोंगर म्हणजे फक्त वाया गेलेलं घर होतं. इथे डोंगर म्हणजे सरहद्द.

आणि पहिल्या आवृत्तीवरून सिव्ह ५ला जोखू नका. २०१०मध्ये युनिटांची सहनशक्ती फक्त १० हिटपॉइंट होती, त्यामुळे एक-दोन फटक्यांत निकाल लागायचा आणि डावपेचांना जागाच नव्हती. २०१२च्या गॉड्स अँड किंग्ज या एक्सपान्शनमध्ये ती १०० झाली. तेव्हा कुठे जखमी युनिट मागे घेणं, दुसरं पुढे आणणं, वैद्यकीय बढती देणं याला अर्थ आला. धर्म आणि हेरगिरी सिव्ह ४मध्ये होती, ती ५मधून काढली आणि त्याच एक्सपान्शनमध्ये परत दिली. २०१३च्या ब्रेव्ह न्यू वर्ल्डने व्यापारी मार्ग, जागतिक परिषद आणि पर्यटनाचा विजय आणला. आज लोक ज्याला "सिव्ह ५" म्हणून डोक्यावर घेतात तो तीन वर्षांनंतरचा सिव्ह ५ आहे.

माझी तक्रार गठ्ठ्याबद्दल नाही, चार शहरांबद्दल आहे. प्रत्येक नवं शहर ३ असमाधान आणतं, वर प्रत्येक नागरिकामागे १. समाधान सगळ्या साम्राज्याचं एकत्र मोजलं जातं. शून्याखाली गेलात की शहरांची वाढ मंदावते, उणे १०च्या खाली तर सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) बनवताच येत नाही. ब्रेव्ह न्यू वर्ल्डने भर घातली: साधारण आकाराच्या नकाशावर प्रत्येक जास्तीच्या शहरामागे संशोधनाचा खर्च ५ टक्क्यांनी वाढतो. नॅशनल कॉलेज या संशोधन वाढवणाऱ्या इमारतीसाठी प्रत्येक शहरात ग्रंथालय लागतं, म्हणजे मध्येच नवं शहर वसवलं की कॉलेज लांबलं. आणि ट्रॅडिशन धोरण पहिल्या चार शहरांना संस्कृतीची इमारत फुकट देतं, शेवटी चार शहरांना ॲक्वेडक्टही फुकट. इतक्या सगळ्या गोष्टी चारकडे बोट दाखवत असतील तर पाचवं शहर कोण वसवेल? ज्यांना नकाशाभर पसरायला आवडतं त्यांच्यासाठी गेमचा अर्धा रस इथेच संपला.

षट्कोनी

नीलपंख, हाच मुद्दा मला आणखी पुढे न्यायचा आहे. शहरं बेसुमार पसरणं हा मालिकेचा जुना आजार. सिव्ह ३ने त्यावर भ्रष्टाचार हे औषध दिलं: राजधानीपासून लांबची शहरं जवळजवळ काहीच द्यायची नाहीत. सिव्ह ४ने देखभालखर्च आणला. नवं शहर वसवलं की तिजोरीवर भार, पण शहर वाढलं, झोपड्यांची गावं झाली की तेच शहर स्वतःचा खर्च भागवून वर देतं. म्हणजे पसरायचं की नाही हा प्रश्न "कधी" असा होता. सिव्ह ५ने त्याचं "नकोच" करून टाकलं. दोन्हींचा हेतू एक, पण एका रचनेत खेळाडूला निर्णय उरतो, दुसऱ्यात उरत नाही. चाहत्यांना बदलाचा राग येतो असं म्हणतात. माझ्या मते निर्णय हातातून काढून घेतल्याचा राग येतो.

मॉडवाला

एआयबद्दल, म्हणजे संगणक चालवतो त्या प्रतिस्पर्ध्याबद्दल, अजून कुणी बोललं नाही, आणि फुटीचं निम्मं कारण तिथे आहे.

गठ्ठा चालवायला एआयला तीनच गोष्टी ठरवाव्या लागतात: कोणतं शहर, कोणता रस्ता, आपली ताकद पुरेशी आहे का. एका घरात एक युनिट आलं की प्रत्येक युनिटाचा रस्ता वेगळा, आणि प्रत्येक हालचालीने बाकीच्यांचे रस्ते बदलतात. एआय युनिटं एकामागून एक हलवतो. पुढचा नदीकाठी अडकला की मागचे सगळे वळसा घालून भलत्याच बाजूला निघतात. सिव्ह ५मध्ये म्हणूनच ठरावीक चुका दिसतात: धनुर्धारी पायदळाच्या पुढे येतात, कॅटापुल्ट एकटा शहराच्या टप्प्यात येऊन उभा राहतो, आणि सैन्य आरमाराच्या संरक्षणाशिवाय समुद्रात उतरतं. दोन ट्रायरीम (जुन्या युद्धनौका) हाताशी असतील तर अख्खं आक्रमण किनाऱ्याला लागायच्या आधी बुडवता येतं.

डावपेच जमत नाहीत म्हटल्यावर कठीण पातळ्यांवर एआयला फुकटचं भांडवल देतात. सिव्ह ६च्या डेइटी या सर्वांत कठीण पातळीवर एआयला सुरुवातीलाच तीन सेटलर, तुम्हाला एक. शिवाय प्रत्येक लढाईत त्याला +४. पहिल्या साठ-सत्तर टर्न तग धरलात की पुढचा डाव तुमचाच. सुरुवातीला अन्याय्य आणि शेवटी कंटाळवाणा, दोन्ही एकाच डावात.

यावर काम झालंय, पण ते चाहत्यांनी केलंय. मालिका बनवणाऱ्या फिरॅक्सिसने सिव्ह ५चा डीएलएल सोर्स (गेमच्या नियमांचा मूळ कोड) खुला केला, त्यावर व्हॉक्स पॉप्युली हा मॉड (चाहत्यांनी केलेला फेरबदल) उभा राहिला. त्यातला एआय रांग धरून येतो, जखमी युनिटं मागे घेतो, बाजूने वळसा घालतो. म्हणजे एका घरात एक युनिट या नियमाखाली एआय लढूच शकत नाही हे खरं नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं खपावं लागतं. सिव्ह ६चा तसा सोर्स खुला झालाच नाही. त्याच्या मॉडमध्ये नव्या संस्कृती आणि चांगले पडदे भरपूर मिळतील, पण एआयच्या मेंदूला मुळापासून हात घालता येत नाही. सिव्ह ५चे लोक ६कडे न वळण्याचं हे फार मोठं कारण आहे.

दारूगोळा

+१. आणि सोरेन जॉन्सननेच नंतर ओल्ड वर्ल्ड (२०२१) केला, त्यात एका घरात एकच युनिट आहे. फरक असा की तिथे दर टर्नला तुमच्याकडे ठरावीक हुकूम असतात. ते तुम्ही एकाच युनिटवर तीनदा खर्च करू शकता किंवा सगळ्यांत वाटू शकता. त्यामुळे गर्दी झाली तरी सगळी युनिटं हलवलीच पाहिजेत असं नसतं, आणि उत्पादनही आखडावं लागत नाही. जिथे नियम बदलला तिथे त्याच्या जोडीला दुसरा नियम आणला, म्हणून तो पचला.

स्वरा_के

सिव्ह ६ मध्येच राहून गेला, म्हणून थोडं सविस्तर.

सिव्ह ६चा मुख्य डिझायनर एड बीच याच्या टीमने सैन्याची गर्दी थोडी सैल केली. वेढ्याचे मनोरे, बॅटरिंग रॅम ही मदतनीस युनिटं लष्करी युनिटाच्या घरातच राहतात. राष्ट्रवाद आल्यावर एकसारखी दोन युनिटं जोडून कोअर, पुढे तिसरं जोडून आर्मी. पण खरा बदल शहरात झाला. इमारती शहराच्या पोटात न राहता नकाशावर वेगळं घर व्यापणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये उतरल्या. डिस्ट्रिक्टची संख्या लोकसंख्येवर: १ असताना एक, ४ला दुसरं, ७ला तिसरं, असं तीन-तीनने.

नवे लोक इथे हमखास दोन ठिकाणी चुकतात. पहिलं म्हणजे किंमत. डिस्ट्रिक्ट ५४ उत्पादनापासून सुरू होतो आणि तुमची तंत्रं व सिव्हिक (समाजविषयक शोध) वाढतील तसा महाग होत जातो. पण जागा निश्चित करून काम सुरू केलं की त्या क्षणाचा भाव गोठतो. म्हणून लोकसंख्या ४ झाली की लगेच दुसऱ्या डिस्ट्रिक्टची जागा धरा, एक टर्न काम करा आणि मग खुशाल सेटलरकडे वळा. जो प्रकार तुमच्याकडे बाकीच्यांच्या मानाने कमी आहे त्यावर ४० टक्के सूट मिळते, तीही तेव्हाच साधा. दुसरी चूक जागेची. कॅम्पस या विज्ञानाच्या डिस्ट्रिक्टला शेजारच्या प्रत्येक डोंगरामागे +१, दर दोन वर्षावनांमागे +१, दर दोन डिस्ट्रिक्टमागे +१. कमर्शियल हब या व्यापाराच्या डिस्ट्रिक्टला नदीकाठी +२. आता चांगली कॅम्पसची जागा बघून तुम्ही घर भरून टाकलं आणि नंतर कळलं की तिथेच पेट्रा हे आश्चर्य (गेममधली एकमेव वास्तू) बसणार होतं, कारण पेट्राला वाळवंट किंवा पूरमैदान लागतं आणि तेवढं एकच घर होतं. डिस्ट्रिक्ट एकदा बांधला की पाडता येत नाही. पहिल्या शहराच्या तीन घरांच्या परिघात आधी पिना लावून घ्या, मग विटेला हात लावा.

फूट इथेच आहे. ज्यांना हा कोडं सोडवण्याचा भाग आवडतो त्यांना सिव्ह ५ची शहरं रिकामी वाटतात. ज्यांना साम्राज्य चालवायचं आहे त्यांना वाटतं की आपण चारशे टर्न फरश्या जुळवतोय. माझं मत विचाराल तर डिस्ट्रिक्ट हा मालिकेतला सिव्ह १नंतरचा सर्वांत चांगला नवा विचार आहे, कारण नकाशा बघून योजना बदलावी लागते. युरेका मात्र मला कधीच रुचला नाही. ठरावीक काम केलं की तंत्राचा खर्च ४० टक्क्यांनी कमी. ऐकायला नकाशाप्रमाणे बदलणारं वाटतं, पण प्रत्यक्षात प्रत्येक डावात तीच यादी पूर्ण केली जाते: तीन रानटी मारा, एका साधनावर खाण काढा, गोफणवाल्याने एक बळी घ्या.

तिसरं_पर्व

आता ७वर येतो, कारण त्याची बाजू घेणारे कमी आहेत.

फिरॅक्सिसने युगं आणण्यामागे सांगितलेलं कारण साधं होतं: बहुतेक खेळाडू डाव शेवटपर्यंत नेतच नाहीत. हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. दीडशेव्या टर्नला कोण जिंकणार ते कळतं आणि उरलेलं नुसतं ओझं. म्हणून डाव तीन तुकड्यांत तोडला: प्राचीन, शोधयुग, आधुनिक. नेता तोच, संस्कृती दर युगात नवी. युग संपताना सगळ्यांची युद्धं थांबतात, आघाडी थोडी कापली जाते आणि पुन्हा शर्यत.

लोक आपटतात कारण युग बदलताना काय राहतं आणि काय जातं हे ओळखत नाहीत. राजधानी सोडून बाकीची शहरं पुन्हा गावं होतात. प्राचीन युगात आर्थिक वारसा (त्या युगाच्या ठरलेल्या उद्दिष्टांपैकी एक) पूर्ण केला, म्हणजे २० साधनं शहरांना जोडली, तर जो सुवर्णयुगाचा पर्याय मिळतो त्यात शहरं शहरंच राहतात. पुढच्या युगात जोरात उतरायचं असेल तर हा मार्ग सोडू नका. जुन्या इमारतींचे शेजारामुळे मिळणारे फायदे जातात, म्हणून त्यांच्यावर नव्या बांधायच्या असतात. पण गोदामवर्गातल्या इमारती आणि संस्कृतीच्या स्वतःच्या खास इमारती कायम राहतात. तेव्हा युगाच्या शेवटच्या टप्प्यात सोनं ग्रंथालयावर उडवू नका. सैन्य कमांडरच्या हाताखाली बसवून ठेवा. कमांडरमध्ये सुरुवातीला चार युनिटं मावतात, आणि युग ओलांडताना त्याच्या बढत्याही टिकतात.

आणि दारूगोळा, लक्षात आलं का? कमांडर म्हणजे तुमचा गठ्ठाच आहे. चार युनिटं एका घरात बांधून न्यायची, लढायच्या जागी उलगडायची. वाहतूककोंडी जवळजवळ संपली. घरं सुधारणारी बिल्डर युनिटं गेली, त्यांच्या फेऱ्या गेल्या. लोकसंख्या वाढली की घर आपोआप सुधारतं. २०१०मध्ये जी गाठ पडली ती १५ वर्षांनी सुटली, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

दारूगोळा

कमांडर उत्तम आहे, मान्य. पण ज्या भागाने ती गाठ सोडवली त्यानेच पायातला दुसरा नियम काढला. सिव्ह १पासून वचन एकच होतं: एक संस्कृती घ्या आणि ती काळाच्या कसोटीवर टिकवा. हा नियमावलीत लिहिलेला नियम नाही, पण डावाचा सगळा अर्थ त्याच्यावर उभा आहे. संस्कृती बदलणं २०२१मध्ये ह्यूमनकाइंड या दुसऱ्या गेमने करून पाहिलं होतं आणि तिथेही हीच तक्रार आली होती: समोरचा प्रतिस्पर्धी कोण, हे लक्षात राहत नाही. सिव्ह ७मध्ये नेता कायम ठेवून ते सावरायचा प्रयत्न केला, पण इजिप्तवर बेंजामिन फ्रँकलिन बसलेला बघून शत्रुत्व तयार होत नाही.

शिवाय गेम आला तेव्हाच्या नियमांत प्रत्येक युगाच्या वाटा ठरलेल्या. प्राचीन युगात विज्ञानासाठी १० ग्रंथ, संस्कृतीसाठी ७ आश्चर्यं, लष्करासाठी वस्त्यांचे १२ गुण. शोधयुगात खजिन्याची जहाजं. मला समुद्रापार जायचंच नसेल तर? सिव्ह ४मध्ये न जाता जिंकता यायचं.

इंदूरवासी

संस्कृती बदलण्याच्या नियमाचा आपल्याशी थेट संबंध आहे तो लिहितो.

आधीच्या भागांत "भारत" ही एकच संस्कृती. सिव्ह ४मध्ये गांधी आणि अशोक, ६मध्ये गांधी आणि राइज अँड फॉल एक्सपान्शननंतर चंद्रगुप्त, पण खाली संस्कृती तीच. चार हजार वर्षं एका नावाखाली कोंबलेली. सिव्ह ७ने ते तोडलं: प्राचीन युगात मौर्य, शोधयुगात चोळ, आधुनिक युगात मुघल. नियम म्हणून हे आधीपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. चोळांना त्यांच्या आरमारासकट स्वतंत्र जागा मिळाली, याचा मनापासून आनंद आहे.

पण आधुनिक युगाच्या पायरीवर मुघल? गेमचं आधुनिक युग सुरू होतं त्या सुमारास उपखंडातली वाढती सत्ता मराठ्यांची होती. मग राइट टू रूल या संचात झाशीच्या लक्ष्मीबाई नेता म्हणून आल्या. जन्माने तांबे, सासर नेवाळकर, झाशी हे मराठ्यांच्या सुभेदारीतून उभं राहिलेलं संस्थान. नेता आहे, पण तिची संस्कृती गेममध्ये नाही. तिला आधुनिक युगात मुघल नाहीतर दुसरं काही घ्यावं लागतं. एम्पायर: टोटल वॉर या गेमने २००९मध्ये मराठा संघराज्य खेळण्याजोगं दिलं होतं, तेही १७००पासून. तेव्हा हे अवघड नाही. गनिमी कावा, डोंगरी किल्ले, चौथाई आणि आरमार एवढ्यावर एक संस्कृती सहज उभी राहते: किल्ला हे वेगळं बांधकाम, खडबडीत जमिनीवर हलक्या घोडदळाला वेग, आणि लुटीतून सोनं.

आणि यातूनच तिसरं_पर्व यांच्या मुद्द्याला उत्तर मिळतं. तुकडे केल्यावर प्रत्येक तुकडा नीट भरावा लागतो. एकच भारत होता तेव्हा काय गाळलं ते दिसत नव्हतं. तीन खुर्च्या ठेवल्या की चौथा कोण उभा राहिला ते लगेच दिसतं. फक्त आपल्याच बाबतीत नाही, प्रत्येक देशातल्या खेळाडूंनी हीच यादी काढली आहे.



तिसरं_पर्व

इंदूरवासी, पूर्ण सहमत. आणि संस्कृती उघडण्याच्या अटींमुळे ते जास्त टोचतं. घोड्यांची तीन साधनं सुधारली की कुणालाही मंगोल घेता येतात. अशी अट मराठ्यांसाठी किती सोपी होती: डोंगरावर तीन वस्त्या, मिळाले मराठे.

दारूगोळा यांच्यासाठी: फिरॅक्सिसलाही हे उमगलंय. युग बदलताना युनिटं जिथल्या तिथे ठेवण्याचा पर्याय नंतर आला, आणि एकच संस्कृती शेवटपर्यंत नेता यावी यावर काम चालू असल्याचं त्यांनी २०२५मध्येच जाहीर केलं.

षट्कोनी

तो पर्याय येणं चांगलंच, पण मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेली भीती इथेही आहे. प्राचीन संस्कृतीची युनिटं, इमारती, धोरणं सगळी त्या एका युगापुरती आखलेली. मौर्य आधुनिक युगात नेले तर त्यांच्याकडे तिथे स्वतःचं काय असणार? आणि मुघलांसमोर ते तगतील इतकं बळ दिलं, तर संस्कृती बदलण्याला कारण काय उरणार? एकेका संस्कृतीचा तोल पुन्हा काढावा लागेल. गठ्ठ्यासारखंच: नुसतं परत आणून भागत नाही.

कडेवरचा_प्यादा

धागा वाचून खेळावंसं वाटतंय. आधी एकही भाग खेळलेला नाही. लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. कुठून सुरुवात करू?

मॉडवाला

सिव्ह ७ या यंत्रावर नको. ८ जीबी ही त्याची किमान गरज आहे, आणि वेगळ्या कार्डाशिवाय हाल होतील. सिव्ह ६ चालेल, पण छोटा नकाशा घ्या; मोठ्या नकाशावर शेवटी शेवटी एकेका टर्नला खूप थांबावं लागतं. तुमच्यासाठी सिव्ह ५ योग्य, दोन्ही एक्सपान्शनसकट. नुसता मूळ गेम घेऊ नका, नीलपंख यांनी वर लिहिलेला फरक मोठा आहे. बऱ्याचदा सेलमध्ये सगळा संच एकत्र स्वस्तात मिळतो. यंत्र तापायला लागलं तर एफ१० दाबा. सपाट नकाशाचं दृश्य येतं आणि भार एकदम हलका होतो.

पहिला डाव प्रिन्स या मधल्या पातळीवर, साधारण वेग, ट्रॅडिशन, चार शहरं. चारही शहरांत ग्रंथालय होईपर्यंत पाचवं वसवू नका, नॅशनल कॉलेज बांधून घ्या.

नीलपंख

आणि दुसरा डाव लिबर्टी या धोरणावर, सहा-सात शहरं. प्रत्येक नवं शहर एखाद्या नव्या चैनीच्या वस्तूवरच वसवा, कारण प्रत्येक वेगळी वस्तू ४ समाधान देते आणि शहराचं ३ त्यातून फिटतं. एकाच वस्तूच्या दोन प्रती असतील तर जास्तीची दुसऱ्याला देऊन त्याच्याकडची वेगळी घ्या.

कडेवरचा_प्यादा

धन्यवाद दोघांनाही. व्हॉक्स पॉप्युली लगेच घालू का?

मॉडवाला

आधी साधे दोन-तीन डाव खेळा, नाहीतर काय बदललंय ते कळणार नाही. त्यात समाधानाची रचनाच वेगळी आहे, नीलपंख यांचा हिशेब तिथे लागू पडत नाही. घालाल तेव्हा विंडोजवरच घाला; मॅकच्या आवृत्तीत डीएलएल बदलणारे मॉड चालत नाहीत. इन्स्टॉलर फाइली माय गेम्सच्या आतल्या सिव्ह ५च्या मॉड्स फोल्डरमध्ये टाकतो. गेम सुरू केल्यावर नेहमीच्या बटणाने डाव मांडू नका, मॉड्सच्या मेनूतून टिक करून तिथूनच मांडा, नाहीतर मॉड लागतच नाही. मॉड लावून स्टीमच्या अचिव्हमेंट मिळत नाहीत. नवी आवृत्ती घालताना जुनं फोल्डर आधी काढून टाका आणि शेजारचं कॅश फोल्डर रिकामं करा. लोडिंगवर अडकण्याच्या बहुतेक तक्रारी तेवढ्याने मिटतात. आणि चालू डाव संपल्याशिवाय आवृत्ती बदलू नका, जुने सेव्ह नव्या आवृत्तीत उघडतील याची खात्री नसते.